नामिबियाचा प्लॅन करताना किलोमीटर नाही, उजेड मोजा

नमस्कार मंडळी. नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचं म्हणून एवढी माणसं आलीत हे बघून मला खरंच आनंद झाला, कारण तो देश बघायचा तर तसाच बघायला हवा असं माझं ठाम मत आहे. तुमच्यापैकी काही जणांनी मला आधीच आपापले प्लॅन पाठवलेत, आणि जवळपास प्रत्येकात पहिल्या दिवशी लिहिलंय की सकाळी राजधानी विंडहुकला उतरायचं, गाडी घ्यायची आणि संध्याकाळी लाल वाळूच्या टेकड्यांच्या तोंडाशी असलेल्या सेसरिमला सूर्यास्त बघायचा. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, होऊन जाईल. मीसुद्धा पहिल्यांदा अगदी हेच लिहिलं होतं, म्हणून आज त्याच दिवसाबद्दल जरा सविस्तर बोलते.

विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे. तिथून गाडी ताब्यात घ्यायची, त्यात गाडीच्या टपावरचा तंबू उघडून दाखवणं, गॅस, फ्रिज, भांडी मोजणं, कागदांवर सह्या, मग दुकानातून पाणी आणि किराणा भरायचा. आम्ही निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. जून महिना होता. तिथे जूनमध्ये सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे हातात जेमतेम पाच तास. रेहोबोथपर्यंत बी-१ हा डांबरी रस्ता आहे, मस्त पळाली गाडी, आणि मग सी-२४ ला वळलो आणि डांबर संपलं.

तिथल्या रस्त्यांचं गणित सोपं आहे. बी म्हणजे डांबरी हायवे, सी बहुतेक खडीचे, आणि डी म्हणजे त्याहून लहान, कधी चांगले तर कधी नुसते दगडगोटे. खडीच्या रस्त्यावर कायद्याने १०० ची मर्यादा आहे पण गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या ८० च्या वर जाऊ नका सांगतात, गाडीत ट्रॅकर असतो, आणि ते बरोबरच आहे. कारण त्या रस्त्यावर आडवे पट्टे पडलेले असतात, पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, चाकं जमिनीला पुरती टेकतच नाहीत. अशा वेळी समोर जनावर आलं म्हणून कुणी स्टिअरिंग झटकन फिरवलं की गाडी उलटते. तिथे पर्यटकांचे जे अपघात होतात त्यात समोरून दुसरी गाडी आलेलीच नसते असं कितीतरी वेळा असतं, एकटीच गाडी असते आणि ती उलटलेली असते. म्हणून जनावर दिसलं तर सरळ रेषेत ब्रेक, स्टिअरिंग हलवायचं नाही. आणि विम्याचे कागद घरी बसून वाचा हो, एकटी गाडी उलटली तर भरपाई नाही, टायर आणि काचा वेगळ्या, रात्री चालवली तर काहीच नाही, अशा अटी बऱ्याच ठिकाणी असतात.

आता टायर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे. डांबरावर जेवढी हवा असते तेवढीच ठेवून खडीवर गेलात तर टायर टणक राहतो आणि अणकुचीदार दगड त्याला सरळ कापतो. हवा थोडी कमी केली, साधारण १.८ बारपर्यंत, की टायर दगडावर दबतो, त्याला लपेटून पुढे जातो, हादरेही कमी बसतात. पण परत डांबरावर आलात की हवा भरायचीच, नाहीतर त्या वेगात टायर तापून फुटतो. म्हणून कंप्रेसर आणि हवा मोजायचं गेज गाडीत आहे का हे आधी बघा, आणि स्टेपन्या दोन मागा, एक नाही.

आम्ही घाईत हवा कमी केली नव्हती. चारच्या सुमाराला मागचं डावं चाक गेलं. आवाज मोठा झाला नाही, फक्त गाडी एकदम पाण्यावर तरंगल्यासारखी मागून हलायला लागली. थांबलो, धूळ खाली बसली, आणि इतकी शांतता की इंजिन गार होतानाची टिकटिक ऐकू येत होती. एक स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला लटकवलेली, ती खाली सोडायला मागच्या बंपरमधून एक लांब दांडा आत घालून फिरवावा लागतो, हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. अर्धा तास त्यातच गेला. मग जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच मातीत रुतायला लागला. शेवटी नवऱ्याने स्वयंपाकाच्या खोक्यातून भाजी चिरायची लाकडी फळी काढली आणि जॅकखाली ठेवली, तेव्हा चाक उचललं गेलं. नट हाताने घट्ट वाटले तरी वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पुन्हा पाना मारा, ते सैल होऊ शकतात.

तर गाडी घेताना लाजू नका, तिथेच स्टेपनी खाली काढून दाखवा म्हणावं, त्यात हवा आहे का बघा, जॅक कुठे लागतो ते बघा, एक जाड फळी बरोबर घ्या.

पुढचे सत्तर-ऐंशी किलोमीटर अंधार पडता पडता केले आणि ते मी अजून विसरले नाहीये. ओरिक्स आणि कुडू ही तिथली मोठी हरणं संधिप्रकाशात रस्त्यावर येतात, कुडू तर हेडलाइट बघून उडीच मारतो, आणि तो घोड्याएवढा असतो. त्या दिवसापासून आमचा नियम एकच, सूर्य मावळायच्या दोन तास आधी मुक्कामाला. खडीवर सरासरी ताशी ५५-६० धरा, मॅप काहीही दाखवो, त्यात फोटो, जेवण आणि एका पंक्चरचा एक तास मिळवा, आणि उजेडात जेवढं अंतर बसेल तेवढंच त्या दिवसाचं. पहिली रात्र विंडहुकलाच काढा.

डिझेलचं एका वाक्यात सांगते, पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. सॉलिटेअर या छोट्या वस्तीहून किनाऱ्यावरच्या वॉल्विस बेला जाताना सी-१४ वर मध्ये सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर पंपच नाही. रोख पैसे ठेवा, कार्डाचं मशीन कधी बंद असतं. दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे नामिबियन डॉलरच्या बरोबरीने चालतो, पण उरलेले नामिबियन डॉलर बाहेर कुणी घेत नाही. पाणी माणशी रोज किमान ५ लिटर. मोबाईलला तासनतास रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा, आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, सावली तिचीच असते आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

एटोशाला, म्हणजे उत्तरेतल्या जंगली जनावरांच्या पार्कला, जाणार असाल तर उत्तरेतून खाली येताना जनावरांच्या रोगांसाठी घातलेलं कुंपण लागतं, तिथे कच्चं मांस काढून घेतात, तेव्हा ते आधीच शिजवून संपवा. पार्कची फाटकं सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात, म्हणजे तिथेही उजेडाचंच घड्याळ. पण ओकाउकुएयोच्या कॅम्पला पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो, तिथे जेवण उरकून नुसतं बसून राहा, गेंडा पाण्यावर येतो तेव्हा शंभर माणसं असूनही कुणी खोकत नाही.

आणि सेसरिम. तिथे फाटकाच्या आतल्या कॅम्पमध्येच मुक्काम बुक करा, काही महिने आधी करा, कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात आणि बाहेरच्यांना सूर्योदयालाच. फाटकापासून डेडव्लेईकडे, म्हणजे टेकड्यांमधल्या कोरड्या पांढऱ्या तळाकडे, साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आहे, शेवटचे पाच मऊ वाळूचे, फक्त फोर बाय फोरसाठी. तिथे हवा आणखी कमी करा, लो रेंजचा (जास्त जोराचा, कमी वेगाचा) गिअर लावा, मध्येच थांबू नका आणि ब्रेक दाबू नका. सकाळी वाळू गार असते म्हणून घट्ट असते, दुपारी तीच गाडी गिळते. जमणार नाही वाटलं तर डांबर संपतं तिथे गाडी लावा आणि शटलने जा, त्यात कमीपणा काही नाही. डेडव्लेईला पोचलात की तळाची पांढरी माती अजून सावलीत असते, मागची टेकडी लाल पेटलेली असते, आणि शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली ती काळी झाडं मधोमध उभी. ऊन हळूहळू उतरत पहिल्या झाडाच्या शेंड्याला लागतं, तेवढी दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवा.

मी मोठा नकाशा आणलाय, तो इकडे टेबलावर पसरते. आपापले प्लॅन आणि पेन्सिल घेऊन या, पहिल्या दिवसापासून खोडायला सुरुवात करू.