रिश्टर किती ते सगळे विचारतात, खोल किती ते कोणी नाही

नमस्कार मंडळी. भूकंपाची बातमी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला, रिश्टर किती? सहा म्हटलं की बापरे, चार म्हटलं की ठीकाय. पण तो झाला किती खोलवर, हे विचारणारा माणूस मला तरी अजून फारसा भेटला नाही.

किल्लारीचंच घ्या ना. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगात या तोलाचे दरवर्षी डझनांनी होतात आणि आपल्या कानावरही येत नाहीत. पण हा जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर झाला, सायकलवर तासाभराचं अंतर हो! त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा थर, सगळं झोपलेल्या माणसांवरच आलं. लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली.

आता दुसरं टोक बघा. २४ मे २०१३, रशियाच्या पूर्वेला ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ चा भूकंप. किल्लारीच्या हजारपट ऊर्जा बाहेर पडली असेल, जास्तच. मेलं कोणीच नाही. कारण खोली होती सहाशे किलोमीटरच्या वर, म्हणजे पुणे ते नागपूर सरळ रेषेत जेवढं अंतर तेवढं खाली जमिनीत, त्यामुळे अगदी डोक्यावरचं घरसुद्धा भूकंपापासून सहाशे किलोमीटर लांब.

गंमत म्हणजे तो हादरा पार मॉस्कोत जाणवला. ते कसं, तर ढोल-ताशाचं पथक आठवा. मिरवणूक जवळ असली की ताशाची तडतड कानात घुसते, ती दोन-चार गल्ल्या पुढे गेली की तडतड विरते आणि नुसता ढोलाचा धम्म धम्म तेवढा ऐकू येतो. भूकंपाच्या लाटांचंही तसंच, भरभर थरथरवणाऱ्या लाटा खडकातून येता येता जिरतात, संथ हेलकावे मात्र लांबवर पोचतात. बसक्या घरांना घातक असते ती तडतड, उंच बिल्डिंगा डोलतात त्या ढोलावर. २०१५ च्या ऑक्टोबरात हिंदुकुशमध्ये दोनशेच्या वर किलोमीटर खोल ७.५ चा झाला तेव्हा दिल्लीत पंखे-झुंबरं हलली आणि लोक ऑफिसातून खाली पळाले ते यामुळेच. अर्थात तिकडे अफगाणिस्तान-पाकिस्तानात शेकडो माणसं गेली, तेव्हा खोल आहे म्हणून निर्धास्त असंही नाही, डोंगर आहेत, दरडी आहेत, कच्ची घरं आहेत.

उलट आपल्या डहाणू-पालघरकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून जे धक्के बसायला लागले ते बहुतेक तीन-चारच्या आतले, पण इतके उथळ की आधी गडगडाट ऐकू यायचा आणि घरांना तडे जायचे. तिथल्या माणसाला छोटा भूकंप म्हणून सांगून बघा.

आणि हो, बातमीत खोली बरोब्बर १० किलोमीटर दिसली तर थोडं थांबा. सुरुवातीला नीट खोली काढता येत नाही तेव्हा पुष्कळदा हाच आकडा धरून चालतात, मग जवळच्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी आल्या की तो बदलतो.