रात्रीच्या रस्त्यासाठी एक कॅमेरा, एक लेन्स

(दृश्य: टेबलावर मांडलेले सगळे साहित्य, वरून.)

रात्री रस्त्यावर छायाचित्रे टिपायला निघण्यापूर्वी टेबलावर मांडलेले हे साहित्य आहे: कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, फिल्टरची डबी, दोन बॅटऱ्या आणि या सगळ्यांना सामावून घेणारी भलीमोठी पाठपिशवी. एवढे ओझे घेऊन तासभर चालले की छायाचित्रकाराचे लक्ष समोरच्या माणसांवर कमी आणि स्वतःच्या खांद्यांवर जास्त असते. यातल्या बहुतेक वस्तू आज घरीच राहणार आहेत, आणि कोणती राहणार, कोणती निघणार, हे ठरते ते उजेडाच्या हिशेबावरून.

(दृश्य: दोन लेन्स शेजारी शेजारी.)

चालणारा माणूस चित्रात स्पष्ट यायला हवा असेल, तर शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापेक्षा फार जास्त वेळ उघडे ठेवता येत नाही. मंद दिव्यांच्या गल्लीत त्यासाठी साधारणपणे एफ/२ ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) आणि ३२०० आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) लागतो. कॅमेऱ्यासोबत येणारी नेहमीची झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ पलीकडे उघडत नाही, म्हणजे तिच्यातून एफ/२ च्या आठव्या हिश्श्याएवढाच प्रकाश आत येतो आणि त्याची भरपाई करायला आयएसओ २५,६०० वर न्यावा लागतो. तिथे चेहऱ्यांवर दाणे उमटतात आणि सावल्यांमधले रंग विस्कटतात. एफ/१.८ ची छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स ही अडचण पुष्कळ कमी खर्चात सोडवते. त्यामुळे हाताशी पैसे मोजकेच असतील, तर नवा कॅमेरा घेण्याऐवजी अशी लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेन्स कोणती, हा प्रश्न मात्र घाईने सोडवू नये. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स बहुधा सर्वांत स्वस्त असते आणि म्हणूनच अनेकांच्या हाती पहिल्यांदा तीच येते. पण एपीएस-सी, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, आकाराच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) तिची चौकट ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतकी अरुंद होते. मग माणूस मिळतो, पण तो ज्या रस्त्यावर उभा आहे तो रस्ता हरवतो. अशा सेन्सरवर ३५ किंवा त्याहून कमी मिलिमीटरची लेन्स अधिक सोयीची.

(दृश्य: जुना कॅमेरा हातात, लेन्समधून विजेरीचा झोत.)

कॅमेरा वापरलेला घेतला तरी काही बिघडत नाही. दहा वर्षांपूर्वीचे अनेक एपीएस-सी कॅमेरे ३२०० आयएसओवर समाधानकारक काम करतात. घेण्यापूर्वी त्याचे शटर आजवर किती वेळा उघडले आहे ते विचारावे. लेन्सच्या एका बाजूने विजेरीचा झोत सोडून दुसऱ्या बाजूने पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू दिसले तर ती बुरशी असते, आणि मग किंमत कितीही उतरली तरी ती लेन्स परत ठेवावी.

(दृश्य: ट्रायपॉड कपाटात जातो.)

ट्रायपॉड घरी ठेवताना अनेकांचा हात अडखळतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या रात्री टिपणारे छायाचित्रकार ब्रासाई काचेच्या प्लेटचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावत आणि सिगारेट जळायला लागणाऱ्या वेळेवरून एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, मोजत. पण त्यांच्या चित्रांतली माणसे अनेकदा त्यांच्यासाठी स्थिर उभी राहिलेली असत. ट्रायपॉड काय किंवा कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय काय, दोन्ही छायाचित्रकाराच्या हाताचा कंप थांबवतात, समोरून जाणाऱ्याची चाल थांबवत नाहीत. फ्लॅशही राहू द्यावा, कारण ज्या दिव्यांच्या ओढीने आपण बाहेर पडलो त्यांचाच रंग तो पुसून टाकतो.

फिल्टरच्या डबीबरोबर लेन्सवर कायम बसवलेला संरक्षक फिल्टरही काढून ठेवावा, हे थोडे अनपेक्षित वाटेल. रात्री चौकटीत पथदिवा आला की या सपाट काचेवरून प्रकाश परावर्तित होतो आणि आकाशाच्या काळ्या भागात दिव्याची फिकट प्रतिमा उलटी उमटते. काचेचे रक्षण करायला लेन्सच्या तोंडावर बसणारे हूड पुरेसे आहे, आणि त्याचे वजन नगण्य असते.

उरले ते खिशात मावते. एक जादा बॅटरी, आणि थंडी असेल तर ती अंगालगतच्या खिशात, कारण गारठ्यात बॅटरी लवकर दम सोडते. एक मेमरी कार्ड. लेन्स पुसायचे मऊ कापड. प्रत्येक वस्तूचा खिसा ठरलेला असावा. अंधारात चाचपडताना याचे मोल कळते.

(दृश्य: कॅमेऱ्याचा पडदा मंद होतो, दार उघडते.)

निघण्याआधी घरातच दोन गोष्टी उरकाव्यात. फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा बंद करावा, नाहीतर समोरचा माणूस शटरच्या आधीच वळून पाहतो. पडद्याची चमकही कमी करावी, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना झगझगीत पडद्यावर काळवंडलेले चित्रही उत्तम वाटते आणि चूक घरी आल्यावरच लक्षात येते.

(दृश्य: ओला रस्ता, दुकानांचे दिवे, पावलांचे आवाज.)

आता मनगटात पट्टा अडकवलेला एक छोटा कॅमेरा आहे आणि सगळा भार मिळून किलोच्या आत आहे. एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर ठेवून फोकस तीन मीटरवर लावला, तर सुमारे २.७ ते ३.३ मीटरपर्यंतचेच जग रेखीव दिसते. म्हणजे जेमतेम साठ सेंटीमीटरची पट्टी, एका पावलाएवढी. दुकानाच्या उजेडातून छत्री मिटत एक माणूस येतो आहे. पाच मीटर, चार मीटर, आणि तो त्या पट्टीत पाऊल टाकतो.