इंजेक्शनची तारीख चुकवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरात आईला, सासूबाईंना किंवा आजीला हाडं ठिसूळ झाल्यामुळे दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागत असेल, तर माझं बोलणं ऐकता ऐकताच त्यांची फाइल काढा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख बघा. औषधाचं नाव डेनोसुमॅब, डोस 60 मिलिग्रॅम. मार्चच्या सुरुवातीला ते घेतलं असेल, तर त्याची मुदत सप्टेंबरात संपते. 2020 मध्ये ज्यांची पाळी नेमकी लॉकडाऊन लागला तेव्हा होती, त्यांची तर कधीच उलटून गेली होती.

"हाडांचंच तर आहे, दिवाळीनंतर बघू," हे वाक्य मी करोनाच्या त्या काळात रुग्णांकडून कित्येक महिने फोनवर ऐकलं. त्यामागची भीती मला कळत होती. 15 जून 2020 ला लोकल पुन्हा धावू लागली, पण ती तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी होती. सत्तरीच्या बाईला डोंबिवलीहून परळला आणायचं म्हणजे टॅक्सीचं भाडं, वाटेतली गर्दी आणि रुग्णालयात करोनाचा धोका होता. शिवाय ठिसूळ झालेलं हाड दुखत नाही. ते मोडेपर्यंत गप्प असतं, म्हणून त्याचं औषध सगळ्यात आधी पुढे ढकललं जातं.

पण हे औषध पुढे ढकलण्यासारखं नाही. आपल्या शरीरात जुनं हाड सतत झिजत असतं आणि त्या जागी नवं भरत असतं. डेनोसुमॅब झीज करणाऱ्या पेशींना आवरून धरतं. सहा महिन्यांनी त्याचा अंमल ओसरला की त्या पेशी पूर्वीपेक्षा जास्त जोमानं कामाला लागतात. वर्षानुवर्षं कमावलेली बळकटी काही महिन्यांत निघून जाते आणि काही रुग्णांचे मणके एकामागून एक दबतात. त्यासाठी पडावंही लागत नाही. म्हणून हाडांच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मे 2020 मध्ये एकत्र येऊन सांगितलं, की दोन इंजेक्शनांमधलं अंतर सात महिन्यांपलीकडे जाऊ देऊ नका. इंजेक्शन मिळणारच नसेल, तर तात्पुरती आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू करता येते. तो निर्णय डॉक्टरांचा आणि तो फोनवरही होऊ शकतो.

वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांनी मात्र एवढं घाबरू नये. ते औषध हाडात बराच काळ मुरून राहतं, काही महिने उशीर झाला तरी चालतो. ते घेतल्यावर एकदोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. हे माहीत नसेल तर करोनाच्या शंकेनं घरात उगाच धावपळ होते, म्हणून ताप आला तर डॉक्टरांना सलाईन कधी घेतलं ते आधी सांगा. हाडांच्या घनतेची चाचणी, म्हणजे डेक्सा, थोडी लांबली तरी बहुतेकांचं बिघडत नाही.

आता फोनविषयी. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून उपचार करण्याची, नियमावली जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर किंवा फोनवर तपासून औषध लिहून देऊ शकतात आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकतात. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं बघून घ्या. नेहमीचे डॉक्टर मिळत नसतील, तर एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेली, ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारची ई-संजीवनी ओपीडी आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून टोकन घ्यायचं. पैसे पडत नाहीत.

इंजेक्शन कातडीखाली द्यायचं असतं, त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. गल्लीतले फॅमिली डॉक्टर किंवा घरी येणारी नर्स ते देऊ शकते. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये मुळीच नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी रक्तातलं कॅल्शियम तपासायलाच हवं, आणि रक्ताचा नमुना घ्यायला लॅबची माणसं घरी येतात.

व्हिडिओ कॉलमधून मला दवाखान्यात कधीच दिसत नव्हतं ते दिसू लागलं: घर. नातवाला म्हणते, फोन घेऊन जरा मोरीकडे चल. मग दिसतात ओल्या, गुळगुळीत लाद्या, दारातलं सरकणारं पायपुसणं, उंबरठा, मिणमिणता दिवा. पहाटे पाणी आलं की भरायच्या बादल्या. ठिसूळ मणक्याच्या बाईनं कमरेत वाकून भरलेली बादली उचलली, तर तेवढ्यानंही मणका दबू शकतो. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणं हीसुद्धा याच मुंबईच्या छोट्या घरांतली सवय. मी सांगते, बादली अर्धीच भरा, पायपुसणं काढून टाका, माळ्यावरचं रोजच्या वापरातलं सगळं खाली आणा. फोन टेबलावर ठेवून आजींना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगते. त्या कशा उठतात आणि चार पावलं कशा चालतात, यावरून पडण्याचा धोका पुष्कळ कळतो. औषधांच्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरल्या की आणखी एक गोष्ट उघड होते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी चहाबरोबर घेतली जात असते! ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही.

एका गोष्टीसाठी मी घरच्यांना हात जोडून विनंती करते. एका खोलीत सहा माणसं आणि मध्ये फोन, अशा वेळी बाई खरं बोलत नाही. तिला रात्री लघवी आवरत नाही, गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे अंधारात घाईनं जाताना ती दोनदा धडपडली आहे, हे ती मुलासमोर आणि जावयासमोर कसं सांगेल? आणि हाड मोडण्याचं कारण नेमकं तिथेच दडलेलं असतं. तिला फोन देऊन दहा मिनिटं बाहेर थांबा. नियमावलीनुसार काळजी घेणारी व्यक्ती सोबत बोलू शकते, पुण्याची मुलगीही कॉलवर येऊ शकते. पण ते त्या दहा मिनिटांनंतर.

लॉकडाऊनमध्ये चाळीतून खाली उतरणं बंद झालं आणि पायांतली ताकदही गेली. गॅलरीत किंवा गच्चीवर उन्हात रोज थोडं चाला. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, दही हे आपल्या घरातलंच कॅल्शियम आहे. दिवसाला साधारण 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र शेजारणीला चालल्या म्हणून मनानं घेऊ नका.

फोनवर थांबायचं नाही, अशा वेळाही आहेत. पडल्यावर जांघेत कळ येते, पायावर भार टाकता येत नाही, तो पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो. खुब्याचं हाड मोडलं असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना उचलून चालवू नका, 108 ला फोन करा. पाठीत अचानक तीव्र कळ आली आणि सोबत पाय लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तरीही थेट रुग्णालय गाठा. करोनाच्या भीतीनं मोडलेला खुबा घरात ठेवलेल्या आजी मी त्या काळात पाहिल्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया आणि शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, लवकर गाठतात. तासभरही वाट बघू नका.

नमस्कार.