शेंबडाचा रंग आणि सर्दीचे दिवस

(परभणी जिल्ह्यातल्या एका गावात कान-नाक-घसा तज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आठवड्याभरात माझ्या दवाखान्यात रांग लागते. भुसा, धूळ, त्यात बांधावरचं गाजरगवत. पेशंट बसायच्या आधीच सांगतो, "डॉक्टर, मला सायनस हाय." मी म्हणतो, मलाही आहे. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या असतात: गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि पार मागे कवटीच्या तळाशी. गालातल्या पोकळीची मोरी तळाला नाही, वर छताजवळ आहे. आतली बारीक लव कफ चढावर ढकलत नेते. सर्दीने अस्तर सुजलं की मोरी बुजते आणि माल आतच साचतो.

एका काकांनी वरची दाढ ठणकते म्हणून उपटून घेतली. ठणका तसाच राहिला. शेजारची काढायचं ठरलं होतं, तेवढ्यात माझ्याकडे आले. नाक गच्च चोंदलेलं, भाकरीचा वास येत नाही, रात्री घशात कफ उतरतो. वरच्या दाढांची मुळं आणि गालाची पोकळी यांच्यामधे हाडाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून त्या बाजूच्या साऱ्याच दाढा धरल्या होत्या. उलटंही घडतं, किडलेल्या दाढेचा पू वर चढतो. तेव्हा बहुधा एकाच नाकपुडीतून घाण येते. लहान लेकराच्या एकाच नाकपुडीला वास मारत असेल तर मात्र आत हरभरा किंवा चिंचोका असू शकतो. घरी कोरत बसू नका, घेऊन या.

"शेंबूड हिरवा झालाय, अँटिबायोटिक लिहा," असं मला रोज ऐकावं लागतं. हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, विषाणूच्या साध्या सर्दीतही तो येतो. रंगापेक्षा दिवस मोजा. बहुतेक सर्दी 10 दिवसांच्या आत उतरणीला लागते. 10 दिवस झाले तरी काडीचा फरक नाही, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा उलटलं, किंवा सुरुवातीलाच 102 फॅरनहाइटच्या पुढे ताप, घट्ट पू आणि चेहऱ्याचं दुखणं सलग 3-4 दिवस, तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. 12 आठवड्यांवर चालू राहिलं की ते जुनाट दुखणं, त्याची तपासणी वेगळी.

एक मावशी कापूस वेचायला जायच्या. "वाकलं की डोस्कं फुटायलंय," म्हणाल्या. वाकल्यावर दुखणं वाढतं म्हणून कुणीतरी सायनस ठरवला आणि वर्षानुवर्षं त्या गोळ्या खात होत्या. मी विचारलं, नाक? मोकळं. वास? येतो. मग ऊन सहन होत नाही का, मळमळतं का? "व्हय, अंधारात पडलं की बरं वाटतंय." ती अर्धशिशी होती. अशा पुष्कळ 'सायनसवाल्या' डोकेदुख्या तपासल्यावर अर्धशिशीच निघतात.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं, माणूस बरळणं यांपैकी काहीही झालं तर रात्र उलटू देऊ नका. साखरेचा त्रास असलेल्यांनी गाल बधिर झाला किंवा नाकात, टाळूवर काळी खपली दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 2021 मध्ये म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, आपल्या भागात काय केलं ते तुम्ही पाहिलंय.

आता प्रश्न विचारा. तिसऱ्या रांगेतले दादा, मघापासून तुम्ही गाल दाबून बघताय, तुमच्यापासूनच सुरू करू. किती दिवस झाले?