काटा मधोमध, तरी गाडी तापलेली

[दृश्य: चढणीच्या वळणावर कडेला घेतलेली ऑटोमॅटिक गाडी. बोनेटच्या फटींतून वाफ.]

वाफ दिसते तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं. पंधरा मिनिटांपूर्वी, खालच्या वळणांवर, ही गाडी कुरकुरत होती. गिअर पडायला वेळ लागत होता. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण वेग मागेच राहायचा. थोडा जळका वासही होता. चालकाचं लक्ष मात्र तापमानाच्या काट्यावर होतं, आणि काटा निवांत मधोमध. तो हलला तेव्हा फार तर दोन वळणांचा अवधी उरला होता.

त्या काट्यावर फार विसंबू नये. अनेक गाड्यांमध्ये तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, 80 अंशांवर असो की शंभरीच्या पुढे, काटा जागचा हलत नाही. प्रत्येक चढउतारावर तो नाचू लागला तर मालक वर्कशॉपात रोज चकरा मारेल, एवढाच त्यामागचा हिशेब.

[दृश्य: स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडणारा हात.]

म्हणून मेकॅनिक काटा सोडून आकडे बघतो. स्कॅनरवर दोन ओळी उघडतो, कूलंटचं तापमान आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान. मग त्याच चढणीवर गाडी पुन्हा नेतो, कारण वर्कशॉपात उभी केलेली गाडी शहाण्यासारखी वागते.

जोरात चालवताना उष्णता येते कुठून? पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. तेवढाच धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटच्या गळ्यात पडतो. म्हणजे इंजिन 60 किलोवॅट ताकद देत असेल, तर रेडिएटरलाही, म्हणजे कूलंट वाऱ्याने थंड करणाऱ्या जाळीलाही, साधारण 60 किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची असते. पाणी तापवायचे 2 किलोवॅटचे तीस गीझर एकदम चालू केल्यासारखं.

गिअरबॉक्सचं गणित वेगळं. या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडची पाती तेल भिरकावतात आणि त्या लोटाने समोरची पाती फिरतात. दोन्हींच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद तेल तापवण्यात जाते. चढणीवर, कमी वेगात, पाय दाबलेला असताना हा फरक मोठा असतो. वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू बांधून टाकतो आणि तेलाला उसंत मिळते. निदान मिळायला हवी.

खरी गोम इथे आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड होण्यासाठी रेडिएटरच्याच टाकीतून फिरून येतं. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर निघतं. कूलंट फिरवणारा वॉटर पंप बदलला, कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा थर्मोस्टॅट बदलला, तरी गाडी तापतेच, अशी तक्रार आली की मला आधी या सामाईक टाकीचा संशय येतो.

त्यामुळे विचारायचं ते असं: आधी कोण तापलं? आणि कधी?

गाडी सिग्नलला उभी असताना तापते आणि वेगात थंड होते, तर पंखा बघा. उलट, वेगातच तापते, तर पंखा निर्दोष; वारा समोरून भरपूर येतो आहे, अडकलंय ते कूलंट. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवरून फिरवला की गरम पट्ट्यांमध्ये एखादा थंड डाग सापडतो. तिथल्या नळ्या बुजलेल्या असतात.

[दृश्य: रेडिएटरखालचा जाड रबरी पाइप, अगदी जवळून. इंजिनाचा आवाज वाढतो. पाइप हळूहळू चपटा होतो.]

हे बघा. पंप जोरात ओढू लागला की खालचा मऊ पडलेला पाइप आत चेपला जातो. इंजिन मंदावलं की पुन्हा गोल. म्हणून उभ्या गाडीत तो कुणालाच सापडत नाही.

कूलंटमध्ये सतत बुडबुडे असतील तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलची, शंका घ्यावी. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रव पिवळा पडतो.

आता आपली गाडी. चढणीच्या पायथ्याशी कूलंट 92, गिअरबॉक्स 95. तिसऱ्या वळणावर कूलंट 96, गिअरबॉक्स 118. आधी कोण, ते कळलं. पुढच्या सपाटीवर वेग स्थिर झाला, लॉक-अप बसायला हवा होता. पण इंजिनाचे फेरे गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टपेक्षा मिनिटाला तीनशेने जास्तच राहिले. क्लच घसरत होता.

[दृश्य: पांढऱ्या कागदावर ऑइलचे दोन थेंब.]

डावीकडचा थेंब नव्या ऑइलचा, लाल आणि आरपार दिसणारा. उजवीकडचा या गाडीचा, तपकिरी, जळक्या वासाचा. (थेंब गुलाबी, दुधाळ निघाला असता तर गाडी तिथेच थांबवायची, रेडिएटरच्या टाकीत कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळलं, असा त्याचा अर्थ.)

पण एवढ्याने वाफ का यावी? दुसरा चोर निघाला रेडिएटरचं झाकण. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. झाकणाने सुमारे 1.1 बार दाब धरला की तेच 130 च्या आसपास जातं. हे झाकण निम्म्या दाबालाच सुटत होतं. गिअरबॉक्सची उष्णता टाकीत उतरली आणि कूलंटला उकळायला अंतरच उरलं नाही.

अशा वेळी गरम झाकण उघडायचं नाही, हे ठाऊक असतंच. उकळायच्या आधी लक्षात आलं तर पाय सैल करा, एसी बंद, हीटर पूर्ण चालू. घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे.

[दृश्य: तीच चढण. स्कॅनरचा पडदा.]

लॉक-अप क्लचला तेलाचा दाब देणारा बिघडलेला व्हॉल्व्ह नवा, ऑइल नवं, झाकण नवं. तिसरं वळण. गिअरबॉक्स 99, कूलंट 95. सपाटीवर फेऱ्यांमधला फरक शून्य.

काटा? तो आजही मधोमधच आहे.