आशयसूत्राला क्रियापद हवं

(कोल्हापुरात मराठीच्या अध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

‘नाटकाचा आशय स्पष्ट करा’ असा प्रश्न दिला की निम्मा वर्ग एक शब्द लिहून मोकळा होतो. अन्याय. स्त्रीशोषण. दांभिकता. उरलेला निम्मा वर्ग पहिल्या अंकापासून गोष्ट सांगायला बसतो आणि तिसरा अंक येईपर्यंत घंटा होते. दोन्ही गटांचं दुखणं एकच आहे: विषय आणि आशयसूत्र यांतला फरक त्यांना कुणी दाखवलेला नाही. ‘दांभिकता’ हा विषय झाला. त्यात क्रियापद नाही, त्यामुळे त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. आणि ज्याला हरकत घेता येत नाही, त्यावर सहाशे शब्द लिहायचे तरी कशाला? आशयसूत्र म्हणजे पूर्ण वाक्य, ज्यावर बाकावरचा शेजारी ‘छे, मला नाही पटत’ असं म्हणू शकेल.

आज एकच नाटक घेऊ, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. ते 1967 मध्ये रंगमंचावर आलं. एका गावातल्या सभागृहात मुंबईची हौशी मंडळी प्रयोगासाठी येतात, वेळ घालवायला अभिरूप खटला मांडतात आणि त्यांच्यातलीच मिस बेणारे आरोपी होते. भुदरगड, शाहूवाडी, चंदगडहून येणाऱ्या मुलांना असलं सभागृह वेगळं समजावून सांगावं लागत नाही, आणि पाहुण्यांची उठबस करणारा गावचा सामंतही त्यांना चटकन कळतो. याचा फायदा घ्या.

पहिलं वाचन मोठ्यानं, भूमिका वाटून, अंकाला एक तास असं करा. पेन बंद. दुसऱ्या वाचनात संवाद सोडा आणि फक्त रंगसूचना वाचा. हा भाग आपण हटकून गाळतो, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. फळ्यावर सभागृहाचा आराखडा काढा: बाहेरून आत येण्याचं एक दार, शेजारच्या खोलीत जाणारं दुसरं. मग त्या बाहेरच्या दाराच्या कडीवर बोट ठेवा.

नाटक सुरू होतं तेव्हा बेणारेचं बोट याच कडीत चिमटलेलं असतं. कडी पुरती सरकवली नाही आणि दार ओढून घेतलं, की माणूस आत अडकलाच, हे सामंत तिथंच सांगून ठेवतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती निघून जायला बघते, तर दार उघडत नाही. बाहेरून अडकलेलं. इथं हुशार मुलं लगेच लिहितात, ‘कडी हे समाजबंधनांचं प्रतीक आहे.’ लिहू देऊ नका. कुठल्याही नाटकातल्या कुठल्याही कडीला हे वाक्य चिकटतं. त्याऐवजी विचारा: ही कडी कुणी मुद्दाम लावली का? नाही. थोडी बेफिकिरी झाली आणि ती आपसूक बसली. मग खटल्याचंही तसंच आहे का?

या प्रश्नातून वर्गाचं पहिलं विधान तयार होतं: ‘या नाटकातली माणसं कट करून क्रूर होत नाहीत, खेळाचे नियम त्यांना तेवढी मोकळीक देतात.’ बरं वाक्य आहे. आता तिसरं वाचन, आणि तेही या विधानाच्या विरुद्ध जाणारा पुरावा शोधण्यासाठी. तो सापडतोच. पहिल्या अंकात बेणारे आतल्या खोलीत गेल्यावर बाकीचे तिलाच आरोपी करायचं ठरवतात, तिच्या पाठीमागे. म्हणजे कट आहे! इथं मुलं विधान टाकून द्यायला निघतात. टाकायचं नाही, दुरुस्त करायचं: ‘कट फक्त थट्टेचा असतो, थट्टेला न्यायालयाची भाषा मिळाली की तीच माणसं थट्टा थांबवू शकत नाहीत.’ शिकवण्याचा खरा तास हाच. पहिलं विधान तसंच राहिलं असेल, तर तिसरं वाचन झालेलं नाही असं खुशाल समजा.

नोंदींसाठी वहीच्या पानाला तीन रकाने पुरे: अंक आणि पान, काय घडलं, कोण गप्प राहिलं. तिसरा रकाना मुलांना विचित्र वाटतो, पण सगळ्यात जास्त माल तिथंच मिळतो. बेणारे ज्यांच्यापासून गरोदर आहे ते प्राध्यापक दामले सगळ्यांच्या बोलण्यात आहेत, रंगमंचावर मात्र कधीच येत नाहीत. बेणारेला बचावासाठी दहा सेकंद दिली जातात. ती पानभर बोलते, त्या वेळी बाकीचे सगळे गोठलेले असतात, आणि बोलणं संपल्यावर खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर वेळ संपल्याचं सांगतात. कोर्टाच्या लेखी ती गप्पच होती. रंगसूचना गाळून वाचणाऱ्याला वाटतं, बाईनं भाषण ठोकलं आणि मंडळींनी ऐकून घेतलं. तिथून पुढचा सगळा निबंध चुकतो.

सहाशे शब्द असे वाटा: प्रस्तावना पंचाहत्तर, मधले तीन परिच्छेद प्रत्येकी एकशे चाळीस, विरुद्ध पुराव्याला पंचाहत्तर, शेवटाला तीस. प्रस्तावनेत नाटककाराचा जन्म, पुरस्कार, कारकीर्द काही नको. विधान दुसऱ्या वाक्यात यायला हवं. मधल्या परिच्छेदाचा क्रम विधानाचा तुकडा, प्रसंग, फार तर दोन ओळींचं अवतरण आणि उकल असा. उकल अवतरणाच्या दुप्पट लांब हवी. अवतरणच बोलेल असं समजून मुलं पुढच्या मुद्द्यावर उडी मारतात; मार्क तिथं जातात.

उदाहरण बघा. एक विद्यार्थी लिहितो: ‘काशीकर बेणारेला शिक्षा सुनावतात. यावरून समाज किती निर्दयी आहे हे दिसते.’ पहिलं वाक्य गोष्ट, दुसरं शेरा. मधली उकल गायब. तेच असं होऊ शकतं: ‘खटल्यात बेणारेवर आरोप असतो भ्रूणहत्येचा. काशीकरांचा निकाल मात्र तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा असाच आहे. ज्या कृत्याला कोर्ट गुन्हा म्हणतं, त्याचाच ते हुकूम देतं. म्हणजे प्रश्न कृत्याचा नव्हताच, ते कुणाच्या हुकमानं व्हावं याचा होता.’ माहिती तीच आहे. आरोप आणि निकाल शेजारी ठेवले, एवढंच.

तपासताना लाल पेन नको. समासात पेन्सिलीनं प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: गोष्टीला ‘गो’, विधानाला ‘वि’, उकलीला ‘उ’. सलग तीन ‘गो’ आले की तिथं आडवी रेघ, आणि वही परत. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्वदीर्घाला हात लावू नका. ते दुरुस्त करून आणलं की मुलांना वाटतं काम झालं. साठ वह्या असतील तर पहिल्या आठवड्यात फक्त प्रस्तावना मागवा. विधान कच्चं असेल तर पुढचे पाचशे पंचवीस शब्द वाचण्यात तुमचाही वेळ जातो.

गाईडबद्दल फार बोलत नाही. ‘नाटककाराने समाजाच्या डोळ्यांत अंजन घातले आहे’ हे वाक्य दिसलं की ते कुठून आलं हे तुम्हालाही माहीत आहे आणि लिहिणाऱ्यालाही. 1971 चा चित्रपट आधी दाखवू नका. कॅमेरा ज्याच्याकडं बघतो त्याच्याकडंच मुलं बघतात, आणि रंगमंचावर त्या क्षणी बाकीचे काय करतायत हे निसटतं. त्यापेक्षा राज्य नाट्य स्पर्धेची कोल्हापूर केंद्रावरची फेरी असते तेव्हा मुलांना घेऊन जा. नाटक कुठलंही असो. एकानं फक्त दारं बघायची, एकानं वस्तू, एकानं न बोलणारी पात्रं. दुसऱ्या दिवशी तिघांच्या नोंदी शेजारी ठेवा.

राहिला शेवटचा तीस शब्दांचा परिच्छेद. ‘अशा प्रकारे’ने सुरुवात करायला सरळ बंदी घाला. नाटकाच्या शेवटी खटला मोडतो, मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात, बेणारे निश्चल पडून असते, आणि सामंत कापडी हिरवा पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो. या एका कृतीवर तीस शब्द लिहायला सांगा, ‘प्रतीक’ हा शब्द न वापरता. पहिल्या खेपेला बहुतेकांचे शंभर होतील. वही परत द्या.