अर्ज कुठं करायचा? मशीनचं मराठी आणि ऐकणारा माणूस

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'एआय, सुगम्यता आणि अनुवादकाचं काम'. हे नाव मीच दिलं होतं, तेव्हा भारदस्त वाटलं. आता 'सुगम्यता' हा शब्द पहिल्या फटक्यात किती जणांना कळला, जरा हात वर करा बरं. चार. त्यातले दोन माझ्या घरचे आहेत. म्हणजे सगळ्यांना सोपं जावं म्हणून जी गोष्ट करायची तिचं नावच अवघड, असो.

तर मी आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे विषय आपोआप येईल. माझे मामा निफाडकडचे, द्राक्षबाग आहे. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नातवाने फोनमध्ये ते वाचून दाखवणारं चालू करून दिलंय. ऑक्टोबर छाटणी चालू होती, रात्री साडेनऊला मामांचा फोन, "भाचा, तो अर्ज कुठं करायचा रे?" मी म्हटलं कसला अर्ज? तर म्हणे, "पेस्टचा. छाटणीनंतर ४८ तासांच्या आत अर्ज करा म्हणतंय ही बाई. तलाठ्याकडं जायचं का कृषी सहायकाकडं? अन ४८ तासात कोणत्या सरकारी हापिसात काम होतं?"

बाई म्हणजे फोनमधला आवाज. बागायतदार असतील त्यांना कळलंच असेल. छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. एका ॲपवर त्याची माहिती इंग्रजीत होती, तिचं मशीनने मराठी केलं, अन इंग्रजीतल्या 'अप्लाय'चं झालं 'अर्ज करा'. त्याच पानावर घडाला गुच्छ म्हटलं होतं अन भुरी रोगाला 'पावडरी बुरशी'. मला भारी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अनुवादकाला मशीन चुकलं की जो आनंद होतो तो दिवाळी बोनसलाही होत नाही. मी ऐटीत म्हटलं, मामा थांबा, मी नीट करून पाठवतो.

रात्री बसून केलं. 'अर्ज'च्या जागी 'लावा', 'कळ्यां'च्या जागी 'डोळे', आपल्याकडे तोच शब्द आहे. सकाळी परत फोन. "भाचा, आता लावू का नको?" म्हटलं का? तर म्हणे, "वर म्हणतंय डोळ्यांना पेस्ट लावा, अन खाली म्हणतंय डोळ्यांना अजिबात लागू देऊ नका." आता बोला. मी दोन्ही वाक्यं बरोबर केली होती, कागदावर एकही चूक नव्हती. मामांना अर्थात कळलं होतं, चाळीस वर्षं बाग करतात ते, माझी फिरकी घेत होते. पण नवीन मजूर असता तर? हे रसायन कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. मग 'काडीच्या डोळ्यांना' अन 'स्वतःच्या डोळ्यात' असं केलं.

अजून संपलं नाही. 'काम करण्यापूर्वी व नंतर मद्यार्काचे सेवन टाळावे' असं एक वाक्य मशीनने दिलं होतं अन ते मला इतकं शुद्ध वाटलं की मी हात लावला नाही. मामा म्हणाले, "मद्यार्क कोणता? निंबोळी अर्क असतो तसा का? तो तर आम्ही पीत नाही, फवारतो." हसू नका, हे सगळ्यात धोक्याचं वाक्य होतं. या रसायनाने दारू पचण्याची पुढची पायरी अडते, विषारी पदार्थ अंगात साठतो, तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी खाली येतं. दारू सोडवायच्या औषधात हाच गुण वापरतात. दिवसभर पेस्ट लावून दमलेला माणूस संध्याकाळी काय करतो ते नाशिकसारख्या वाइनच्या गावात मी सांगायला नको. तिथे 'दारू पिऊ नका' एवढंच लिहायचं असतं. मशीनलाही ते जमलं नाही, वीस वर्षं अनुवाद करणाऱ्या मलाही नाही, जमलं ते ऐकणाऱ्याला. माझं जे एक खूळ आहे ना, ते इथून सुरू झालं: मजकूर ज्याच्यासाठी आहे त्याला तो मोठ्याने ऐकवायचा, अन तो कुठे अडतो ते बघायचं. डोळा चूक माफ करतो, आपल्याला माहीत असतं ते तो मधे भरून घेतो, कान करत नाही.

जाता जाता, खिशातून पाचशेची नोट काढा. काढा हो, मी घेणार नाही. मागच्या बाजूला एका पट्ट्यात १५ भाषा आहेत, आसामीपासून उर्दूपर्यंत, अन त्यात मराठी आठवी, बरोबर मधोमध. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात म्हणून सांगतोय, तुमच्या हातातली इथलीच असेल असं नाही, देवास, म्हैसूर अन सालबोनीलाही छापतात. २०१६ ला दोन हजाराची आली तेव्हा 'दो हजारच्या जागी दोन हजार छापलंय, केवढी चूक' असे मेसेज फिरले होते, अन ते पाठवणाऱ्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, ती चूक नाही, ती दुसरी भाषा आहे! आता नोटेच्या कडेवर बोट फिरवा. पाच तिरक्या उठावदार रेषा लागतील, अन एक वर्तुळ. शंभरच्या नोटेवर चार रेषा अन त्रिकोण. न दिसणाऱ्या माणसासाठी ते भाषांतरच आहे की, फक्त बोटाच्या भाषेत. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचं ॲप पण आणलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की कितीची ते बोलून सांगतं. पण नोट खरी का खोटी ते सांगत नाही. मशीनच्या भाषांतराचं अगदी हेच आहे…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मला वाटलं अर्धा तास उरलाय. बरं, मग जो विषय छापलाय तो आता पळत पळत.

एक तर मी मशीनच्या विरोधात नाही. सरकारची भाषांतराची सेवा भाषिणी २०२२ ला आली, आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने २२ भाषांचं मॉडेल करून सगळ्यांना फुकट मोकळं केलं, हे मोठं काम आहे. ज्या माणसाला आजवर काहीच मिळत नव्हतं त्याला ऐंशी टक्के बरोबर मिळालं तर मी नाक मुरडणारा कोण? पण त्या २२ म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या. बागलाण-मालेगावची अहिराणी त्यात नाही, सुरगाणा-पेठची कोकणा पण नाही.

दुसरं, वाचून दाखवणाऱ्या आवाजाचं. मराठीत 'जग' म्हणजे दुनिया अन 'जग' म्हणजे जगत राहा, लिहायला सारखं, बोलायला वेगळं. 'च', 'ज', 'झ' सगळ्यांचं असंच. हिंदीवर वाढलेला आवाज 'चारा'तला 'च' 'चार'सारखा म्हणतो अन गाईने काय खावं कळत नाही. अन मुळात मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात, ज्यातली अक्षरं फोनला मराठी म्हणून ओळखता येत नाहीत, किंवा फोटो काढून टाकला असेल तर अनुवाद, एआय सगळं बाजूला, अंध माणसाला तिथे काहीच धड ऐकू येत नाही. नोटिसांचे फोटो ग्रुपवर टाकणारे इथेही बसलेत, मी बघतोय.

तिसरं पैशाचं, थोडं कडू. हल्ली क्लायंट म्हणतात मशीनने केलंय, तुम्ही नुसती नजर फिरवा, रेट निम्म्याहून कमी. नजर फिरवून 'मद्यार्क' सापडत नाही हे मी स्वतःवरून सांगितलं. माझं म्हणणं असं की सगळीकडे माणूस लावू नका, परवडणार नाही. हॉटेलचा मेनू, चपलेची जाहिरात, मशीनला करू द्या, चुकलं तर लोक हसतील. पण औषध, फवारणी, कोर्टाचा कागद, बँकेची अट, अन २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर जी सूचना माइकवरून सांगणार ती, यात माणूस पाहिजे, त्याला पुरते पैसे पाहिजेत, अन खाली नाव पाहिजे की हे कुणी तपासलं. 'अर्ज करा' कुणी केलं हे मी त्या ॲपवाल्यांना तीन मेल करून विचारलं, उत्तर आलं ते पण मशीनचं होतं.

झालं, झालं, उठतो. पेस्टच्या पत्रकाच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर आहेत, माझं दुसऱ्यांदा सुधारलेलं. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी एकेक न्या, घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा, अन ते कुठे हसले तेवढं मला कळवा.